प्रमाण आणि प्रामाणिकपणा

सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येणारा सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापाशी अडतो आणि तेथे आघाततरंग उभा राहतो. हा प्लाझ्मा इतका विरळ, की त्यातले कण एकमेकांवर सहसा आदळतच नाहीत. त्यांना रोखतात ती विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे. महासंगणकावर हे घडवून पाहताना अडचण येते प्रमाणाची. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड. हे गुणोत्तर जसेच्या तसे ठेवले तर गणित आवाक्याबाहेर जाते. म्हणून ते अनेकदा १०० किंवा त्याहूनही कमी धरतात, आणि शोधनिबंधात तसे नोंदवतात.

आम्हांला मोल वाटते ते या नोंदीचे. वास्तववादी कादंबरीही प्रमाणे बदलूनच जग उभे करते. तो तिचा दोष नव्हे. दोष आपल्या समीक्षेचा, जी ‘जीवनाचे यथार्थ दर्शन’ असे प्रशस्तिपत्र देऊन थांबते. काय लहान केले आणि त्यामुळे काय दिसेनासे झाले, हे ती विचारत नाही. संशोधक मात्र गुणोत्तर बदलून पुन्हा गणित मांडतात, २०१५ साली सोडलेल्या ‘एमएमएस’ यानांच्या मोजमापांशी ते ताडून पाहतात. साहित्याच्या वर्गातही एवढी शिस्त मागणे अवाजवी ठरू नये.