जाहिरात त्यांची, जमीन कोणाची?

१३ ऑक्टोबर २००४ ला विधानसभेचं मतदान होतं. भात कापायला येणार तेव्हाच पुढारी पाड्यात येणार होते. भिंती रंगणार होत्या, जीपवर भोंगा वाजणार होता, पोरांना बिल्ले मिळणार होते. म्हणून या अंकात आम्ही जाहिरातीवर बोलायचं ठरवलं. जाहिरात म्हणजे फक्त टीव्हीवरची नाही. भिंतीवरची घोषणा, पत्रक, भोंगा आणि ऐन निवडणुकीत निघालेलं सरकारी परिपत्रक, ही सगळी जाहिरातच. कोणती चालते, कोणती पडते, हे आपल्याला कळलं पाहिजे.

२००३-०४ च्या हिवाळ्यात 'इंडिया शायनिंग' आली. हिंदीत तिलाच 'भारत उदय' म्हणाले. सरकारी तिजोरीतले कोट्यवधी रुपये त्यात गेले. पेपरात पानभर हसरे चेहरे. शहरात तर फोन उचलला की पंतप्रधान वाजपेयींचा टेप केलेला आवाज. १३ मे २००४ ला मतमोजणी झाली आणि दिल्लीचं सरकार गेलं. नुसत्या जाहिरातीमुळे ते पडलं असं आम्ही म्हणत नाही. आपल्या राज्यात तर युतीच्याच जागा थोड्या जास्त आल्या. पण एक गोष्ट दिसली. ज्याच्या घरात दिवा नाही त्याला 'देश चमकतोय' म्हटलं की तो आपल्या घराकडे बघतो. मग जाहिरात उलटी बोलायला लागते.

समोरच्या काँग्रेसने काय केलं? 'आम आदमी को क्या मिला?' एवढंच विचारलं. उत्तर द्यायची गरजच नव्हती, ते ऐकणाऱ्याच्या घरात होतं. १९७१ साली इंदिरा गांधींची 'गरीबी हटाओ' अशीच चालली. दोनच शब्द. वाचता न येणाऱ्या म्हातारीच्याही तोंडात बसले. लोकसभेच्या ३५२ जागा आल्या. म्हणजे जाहिरात रंगाने चालत नाही, पैशाने पण नेहमी चालत नाही. आपलं दुःख उचलून आपल्याच तोंडात घातलं की ती चालते.

पण साथींनो, चाललेली जाहिरात खरी असतेच असं नाही. गरिबी कोण हटवणार, कधी हटवणार, जमीन कोणाची कोणाला देणार, हे त्या दोन शब्दांत नव्हतं. २००४ साली त्याला तेहतीस वर्षं झाली. आपण अजून दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो, पुरावा म्हणून.

आता आपल्या जमिनीवरची जाहिरात बघा. ३ मे २००२ ला केंद्राच्या वन खात्याने पत्र काढलं की ३० सप्टेंबरच्या आत जंगलातली अतिक्रमणं काढा. आपल्याला अतिक्रमणदार म्हटलं. त्याच खात्याने ५ फेब्रुवारी २००४ ला, निवडणूक तोंडावर आली तेव्हा, दुसरं पत्र काढलं. त्यात ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत कसणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य करू म्हटलं. आधी ही तारीख २५ ऑक्टोबर १९८० होती. पाड्यापाड्यात आनंद झाला, आम्हाला पण झाला. २३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. अठरा दिवसांची जमीन! खरंच द्यायची होती तर आधीची पाच वर्षं काय केलं?

मुंबईचं सरकारही मागे नव्हतं. २००४ मध्ये शेतपंपाची वीज फुकट केली. चांगलं होतं, पण आमच्या पाड्यात विजेचा खांबच नव्हता, पंप कुठला?

आमची चूक पण सांगतो. मागच्या निवडणुकीत आमच्यातल्या दोघांनी रोजावर भिंती रंगवल्या. घरात नागली संपली होती. काय लिहितोय ते बघितलं नाही, रोज तेवढा बघितला. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण रंगवणाऱ्याने पण वाचावं. आपल्या मोर्च्यातल्या घोषणेला पण हीच कसोटी लावा. नुसता आवाज मोठा असून भागत नाही.

तर कोणतीही जाहिरात आली की पाड्यात बसून चार गोष्टी विचारा:

एक, यात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही?
दोन, करणार कोण आणि कधीपर्यंत?
तीन, पैसा कोणाचा? सरकारी असेल तर तो आपलाच.
चार, निवडणूक नव्हती तेव्हा, गार्ड उभ्या पिकात गुरं घालत होता तेव्हा, हा माणूस कुठे होता?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर भिंतीवर सापडणार नाही, आपल्याला पाठ आहे.

मत कोणाला द्या हे आम्ही सांगणार नाही. पण जो उमेदवार येईल त्याला सगळ्या पाड्यासमोर बसवा. प्लॉटधारकांची यादी त्याच्या हातात द्या. विधानसभेत काय मांडणार ते कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या, एक प्रत पाड्यात ठेवा. सही करायला नाही म्हणाला तरी हरकत नाही. त्याची जाहिरात किती खरी ते तिथंच कळेल.

बिल्ला पोराला खेळायला द्या. पावत्या पेटीतच ठेवा.

जिंदाबाद!