कॅमेऱ्याचें ओझें

प्रवासाचा हंगाम जवळ येऊं लागला कीं ज्या घरांत छायाचित्रणाची हौस आहे तेथें दोन याद्या तयार होऊं लागतात. एक कपडे, औषधें व फराळाचे डबे यांची. ती दर वर्षीं आंखूड होत जाते. दुसरी कॅमेऱ्याच्या सरंजामाची. ती दर वर्षीं वाढत जाते. गेल्या कांहीं महिन्यांत ‘लडाखला जावयाचें आहे, उत्तम कॅमेरा व लेन्स कोणत्या घ्याव्या?’ अशा आशयाचीं बरींच पत्रें आमच्याकडे आलीं. बहुतेकांनीं किती रुपये खर्चण्याची तयारी आहे हें मोकळेपणानें कळविलें आहे. किती वजन वाहण्याची तयारी आहे हें मात्र एकानेंही कळविलेलें नाहीं. आणि आमच्या मतें पहिला प्रश्न तोच आहे.

१८६३ सालच्या जुलैअखेर सॅम्युअल बोर्न नांवाचा इंग्रज छायाचित्रकार सिमल्याहून हिमालयांत शिरला तेव्हां त्याच्याबरोबर सुमारें तीस हमाल होते. त्या काळीं ओल्या कांचेची रीत होती. कांचेवर रसायन पसरावयाचें, ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं तंबूच्या अंधारांत धुऊन काढावयाची. अर्थात् कॅमेऱ्यामागोमाग अंधारखोली, बाटल्या, कांचांच्या पेट्या असा सारा कारखानाच डोंगर चढत असे. अडीच महिन्यांनीं बोर्न १४७ चांगल्या कांचा घेऊन परतला. पुढें १८६६ सालीं तर त्यानें अठरा हजार फुटांहून उंच अशा मणिरंग खिंडींत कॅमेरा उभा केला. तीं चित्रें आजही तासभर पाहत बसावें अशा योग्यतेचीं आहेत. परंतु त्यानें स्वतःच लिहिलेल्या प्रवासवृत्तांत हमाल ओझीं टाकून पळून गेल्याच्या तक्रारीही आहेत. हमालांची तक्रार लिहून ठेवावयास अर्थातच कोणी नव्हता.

हें ओझें उतरविलें तें एका दमेकरी माणसानें. जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा यंत्रज्ञ होता. सुटीच्या दिवशीं डोंगरांत हिंडावें व चित्रें काढावीं ही त्याची आवड. पण मोठा कॅमेरा व कांचा वाहणें त्याच्या छातीस झेपेना. म्हणून चित्रपटाच्या फिल्मची पट्टी आडवी घालून, तिच्या दोन चौकटींची एक चौकट करून, १९१४ च्या सुमारास त्यानें ओंजळींत मावेल असा कॅमेरा सिद्ध केला. १९२५ सालीं लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेंत तो ‘लायका’ या नांवानें लोकांपुढें आला. ती चौकट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच होती. आज दुकानदार ज्यास ‘फुल फ्रेम’ म्हणून मोठ्या आदरानें पुढें करतो त्याचें माप नेमकें हेंच! ज्या मापाचा जन्मच ओझें कमी करण्यासाठीं झाला, त्याच मापाच्या नांवाखालीं आज आमचे हौशी बंधु सहा-सहा किलोंची पिशवी पाठीवर चढवितात, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

सहा किलो ही अतिशयोक्ति नव्हे. सोनीचा ए-७ चौथ्या आवृत्तीचा कॅमेरा बॅटरीसकट ६५८ ग्रॅम भरतो. त्याच्या जोडीस जाणते म्हणविणारे लोक तीन लेन्स ‘असल्याच पाहिजेत’ म्हणून सांगतात: १६-३५, २४-७० व ७०-२००, आणि तिन्ही एफ/२.८ च्या, म्हणजे तोंड मोठें उघडणाऱ्या. त्यांच्या पहिल्या आवृत्तीचीं वजनें अनुक्रमें ६८०, ८८६ व १४८० ग्रॅम; कॅमेऱ्यासह ३ किलो ७०० ग्रॅम झाले. दुसऱ्या आवृत्तींत तींच ५४७, ६९५ व १०४५ वर आलीं. म्हणजे पाऊण किलो वांचलें. पण जुनी आवृत्ति हातबदलांत स्वस्त मिळते आणि नवी भारी किमतीची, तेव्हां हें पाऊण किलो आपण रोख पैसे मोजून घेत असतों. यांत ट्रायपॉड, चार्जर, जादा बॅटऱ्या आणि खुद्द पिशवीचें वजन मिळविलें म्हणजे आंकडा सहाच्या पुढें जावयास वेळ लागत नाहीं. देशांतर्गत विमानांत साध्या वर्गाच्या उतारूस जवळ बाळगावयाच्या सामानाची मर्यादा सात किलोंची आहे.

बरें, हें ओझें शेवटीं वाहतो कोण? बोर्नचे हमाल गेले, असें आपण समजतों. पण कुटुंबासह निघालेल्या हौशी छायाचित्रकाराकडे जरा लक्ष देऊन पाहावें. कॅमेऱ्याची पिशवी त्यानें पाठीवर घेतलेली असते. म्हणून पाण्याच्या बाटल्या, मुलाचा स्वेटर, सासूबाईंचीं औषधें व दुपारचें खाणें हीं सगळीं पत्नीच्या खांद्यावर गेलेलीं असतात. स्वारी लेन्स बदलण्यांत गुंतली म्हणजे बाकीची मंडळी उन्हांत ताटकळत उभी. तिसऱ्या दिवशीं कोणी हंसून पोझ देत नाहीं, आणि चौथ्या दिवशीं ती पिशवी हॉटेलच्या कपाटांत राहते. कित्येक लाखांची सामग्री कपाटांत आणि पॅंगाँगच्या कांठचीं चित्रें मुलीच्या मोबाइलवर, असा प्रकार आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिला आहे. (ज्या घरांत कॅमेरा बाईंच्या हातीं आहे तेथें हा न्याय उलट लागू पडतो कीं काय, हें पाहण्याचा योग आम्हांस अद्यापि फारसा आलेला नाहीं. होमाई व्यारावाला यांनीं साडी नेसून, सायकलवरून दिल्लीभर अवजड स्पीड ग्राफिक नेला. पण त्यांचा तो पेशा होता, सहल नव्हे.)

तेव्हां आमचा सल्ला असा कीं प्रवासाकरितां एक कॅमेरा, एक सर्वोपयोगी लेन्स व एक लहानशी हलकी लेन्स, एवढ्यावर थांबावें. एफ/२.८ चा मोह सोडून एफ/४ वर आलें कीं प्रकाश निम्मा होतो हें खरें. पण आजचे कॅमेरे मंद प्रकाशांत इतके समर्थ आहेत कीं दिवसाच्या प्रवासांत ती उणीव भासत नाहीं. निकॉनच्या झेड-५ चें वजन बॅटरी व कार्डासह ६७५ ग्रॅम, २४-१२० एफ/४ लेन्सचें ६३०, आणि ४० मिलिमीटर एफ/२ चें अवघें १७०. एकंदर दीड किलोहूनही किंचित् कमी! विस्तीर्ण दरीपासून समोरच्या कड्यावरील गोंप्यापर्यंत सारें पहिल्या लेन्सच्या आटोक्यांत येतें. संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत जेवणाऱ्या मंडळींसाठीं दुसरी. कॅनन, सोनी यांच्या घरांतही अशा जोड्या जुळविणें कठीण नाहीं. ज्यांस लेन्स बदलण्याचाच कंटाळा आहे त्यांनीं फुजीफिल्मचा एक्स-१०० सहावा पाहावा. तो ५२१ ग्रॅमचा, एकाच न बदलणाऱ्या लेन्सचा. एका लेन्सनें काय होणार, अशी शंका घेणारांस आंरी कार्तिए-ब्रेसाँचें नांव सांगावेसें वाटतें. त्याचें बहुतेक आयुष्य लायका व ५० मिलिमीटर लेन्स यांवर निभावलें. १९५३ सालीं एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंगचें जें जगप्रसिद्ध चित्र हिलरीनें काढलें तेंही हातबदलांत घेतलेल्या एका कोडॅक रेटिनावर.

मेगापिक्सेलच्या आंकड्यांनीं मात्र दिपून जाऊं नये. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची, इंचास ३०० ठिपके धरून, वीस इंच रुंद व तेरा इंचांहून थोडी उंच अशी स्वच्छ प्रत निघते. एवढी तसबीर आपल्या दिवाणखान्यांत कितीजण लावतात? आणि चित्रें जर केवळ मोबाइलच्या पडद्यावर पाहावयाचीं व नातलगांस पाठवावयाचीं असतील, तर चांगला मोबाइल पुरे आहे. तेथें लाख रुपये घालणें हौसेचें असेल, पण गरजेचें नव्हे. भारी सामग्रीचें चीज होतें तें मोठ्या प्रतींत, मंद उजेडांत आणि दूरच्या चंचल विषयांत. ताडोब्यास वाघ पाहावयास जाणाऱ्यांस म्हणूनच वरील सल्ला लागू नाहीं. तेथें ७०-२०० ही अपुरीच पडते. परंतु तेथें ओझें जीप वाहते, आणि वर्षांतून चार दिवसांसाठीं लांब लेन्स विकत घेण्यापेक्षां भाड्यानें आणणें शहाणपणाचें. पुण्यामुंबईस अशा लेन्स भाड्यानें मिळतात.

खरेदीपूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. जेवढें सामान नेण्याचा बेत असेल तेवढ्या वजनाची पिशवी, हवें तर तांदूळ भरून, पाठीवर घ्यावी आणि पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या सकाळीं एकदां व संध्याकाळीं दमल्यावर पुन्हां एकदां चढाव्या. निर्णय संध्याकाळच्या चढणीवर करावा. लेह हें सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे; तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास असतो. पर्वतीवर जें जड वाटलें तें तेथें असह्य होईल. पोंचल्यावर पहिले दोन दिवस तर विश्रांतीचेच. त्या दिवसांत पिशवीस हात लावूं नये, खिडकींतून जें दिसेल तें टिपावें. विमानतळावर मात्र कॅमेरा काढूं नये. तेथील धांवपट्टी लष्कराची आहे व छायाचित्रणास मनाई आहे.

पिशवी घेतांना तिच्यावर कॅमेरा कंपनीचें ठसठशीत नांव नसावें. आंत काय आहे हें चोरास सांगत फिरण्याचें प्रयोजन नाहीं. कंबरपट्टा असलेली पिशवी घ्यावी; त्यायोगें बराचसा भार खांद्यांवरून कंबरेवर उतरतो. जड वस्तु पाठीच्या अगदीं लगत ठेवाव्या. कॅमेऱ्याबरोबर मिळणारा अरुंद पट्टा मानेस कांचतो. रुंद पट्टा घेऊन कॅमेरा जानव्यासारखा तिरपा अडकवावा. ट्रायपॉडाविषयीं आम्ही कांहींसे कठोर आहोंत: रात्रीं तारे टिपण्याचा बेत पक्का नसेल तर तो घरीं ठेवावा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांतील वास्तूंत त्यास परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशही वापरतां येत नाहीं, हें दोन्ही निघण्यापूर्वींच ध्यानांत असावें.

सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानांत ठेवण्यास मनाई आहे. त्या आपल्याजवळच, टोंकें झांकून ठेवाव्या. कॅमेऱ्याच्या साध्या बॅटऱ्या १६ वॉट-तासांच्या आसपास असतात व नियमाची पहिली मर्यादा १०० ची आहे, तेव्हां त्याबद्दल चिंता नको. थंडींत बॅटरीचा जोर ओसरतो. जादा बॅटरी सदऱ्याच्या आंतल्या खिशांत, अंगाच्या उबेंत ठेवावी. बाहेरच्या गोठविणाऱ्या वाऱ्यांतून तापलेल्या खोलींत येतांना कॅमेरा दाराबाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करून मग आंत आणावा व तासभर उघडूं नये. असें केलें म्हणजे दंव पिशवीवर जमतें, लेन्सवर नाहीं. कोंकणांत व गोव्यांत हाच प्रकार उलट होतो: गार केलेल्या खोलींतून बाहेरच्या दमट हवेंत आलें कीं भिंग धुकटतें. उंचावर पोलरायझर फिल्टर जपून वापरावा; आकाश तेथें मुळांतच गडद निळें, फिल्टरानें तें शाईसारखें काळें होतें.

परदेशीं जाणारांसाठीं एक गोष्ट. भारी कॅमेरा नेत असाल तर निघतांना विमानतळावरील कस्टम्स अधिकाऱ्यांकडून त्याच्या क्रमांकासह दाखला करून घ्यावा आणि खरेदीची पावती मोबाइलमध्यें ठेवावी. म्हणजे परततांना ‘हा बाहेरून आणला काय?’ या प्रश्नास उत्तर तयार असतें.

राहतां राहिलें तें पावसाळ्याचें. सह्याद्रींत श्रावण-भाद्रपदांत हिंडणाऱ्यांच्या लेन्स पावसानें क्वचितच बिघडतात. बिघडतात त्या घरीं परतल्यावर, कपाटांत. ओलसर हवेंत भिंगाच्या आंत बुरशीचें जाळें पसरतें, आणि एकदां तिनें भिंगावरचा लेप खाल्ला कीं तो परत येत नाहीं. म्हणून आल्या दिवशींच पिशवी रिकामी करावी, सारें पुसून पंख्याखालीं ठेवावें, आणि नंतर चामड्याच्या वेष्टनांत न कोंडतां ड्राय कॅबिनेटांत, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असें ठेवावें. कॅबिनेटाचा खर्च नको असेल तर घट्ट झांकणाचा डबा व सिलिका जेलच्या पुड्या यांवरही काम भागतें. निळ्या जेलचा रंग गुलाबी झाला कीं तें ओलाव्यानें भरलें असें समजावें व मंद आंचेवर पुन्हां कोरडें करावें. परंतु त्या रंगांत कोबाल्टचा क्षार असतो, यास्तव स्वयंपाकाचा तवा किंवा ओव्हन त्यासाठीं मुळींच घेऊं नये, एखादें जुनें भांडें निराळें काढून त्यावर खूण करून ठेवावी. नारिंगी रंगाचें जेल मिळाल्यास तेंच घ्यावें.