वाटेवरचीं घरें

नागपुराहून मुंबईस मोटारीनें जाणारास हल्लीं दोन वाटा आहेत. एक समृद्धि महामार्गाची, ७०१ किलोमीटर लांबीची. तिचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. दुसरी जुनी, अमरावती, मूर्तिजापूर व अकोला या गांवांवरून जाणारी. नवी वाट अमरावती जिल्ह्यांतून जाते खरी, पण अमरावती व अकोला हीं दोन्ही शहरें बाजूस टाकून पुढें निघते. ज्यांचीं माणसें वऱ्हाडांत आहेत अशा आमच्या वाचकांना यापुढें दर खेपेस ठरवावें लागेल कीं, उतरावयाचें कीं तसेंच पुढें जावयाचें. पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. रस्ताच बहिणीच्या गांवांतून जात असे.

दिवाळी आटोपल्यावर आम्हीं जुनी वाट धरिली. तिची निंदा करावयास आतां फारसें कारण उरलेलें नाहीं. जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटें अखंड काम करून घातला गेला, व त्या विक्रमाची गिनीज बुकांत नोंद झाली.

अमरावतीस आमच्या वडील भगिनी राहतात. वय ७८. दूरध्वनीवर त्यांचें उत्तर ठरलेलें: "सगळें ठीक आहे, तुम्ही आपलें बघा." घरीं गेल्यावर दिसलें कीं, माडीवरचे देव खालीं ओटीवर आले आहेत, जिन्याच्या पायऱ्यांवर धूळ आहे, आणि अंबादेवीचें रोजचें दर्शन आतां मंगळवारापुरतें राहिलें आहे. यांतील एकहि गोष्ट त्यांनीं कळविली नव्हती. विचारली असती तरी सांगितली नसती. पुण्यास मुलाकडे जाऊन राहावें असें सर्वांचें म्हणणें. त्यांचें म्हणणें, शेजारच्या दोघी सकाळ-संध्याकाळ डोकावून जातात, पुण्यास सातव्या मजल्यावर कोण डोकावणार? दूरून हा हट्ट वाटत होता. त्या दोघी शेजारणी प्रत्यक्ष येऊन बसल्यावर त्याला हट्ट म्हणवेना.

वर्षांतून एकदां जाणारानें अशा घरीं आपल्या किती खेपा उरल्या आहेत हें बोटांवर मोजून पाहावें. हिशेब लवकर संपतो.

अमरावतीनें स्नेह्यांसाठीं झिजणारीं माणसें पाहिलीं आहेत. १८९७ सालीं येथें राष्ट्रीय सभा भरली तेव्हां पुढाकार घेणारे दादासाहेब खापर्डे हे १९०८ सालीं लोकमान्यांस शिक्षा होतांच त्यांच्या अपिलासाठीं विलायतेस गेले आणि १९१० पर्यंत तेथेंच राहिले. आपली वकिली एवढा काळ बाजूस ठेवणाऱ्या या मित्राच्या गांवीं आपणांस एक रात्र मुक्काम करण्यास सवड नसावी, हें जरा चमत्कारिक आहे.

मूर्तिजापुरास चहापुरतें थांबलों. येथून एका बाजूस अचलपूर व दुसऱ्या बाजूस यवतमाळ अशी अरुंद रुळांची 'शकुंतला' धांवत असे. दर्यापूर, कारंजा, दारव्हा येथील लेकी माहेरीं येत त्या याच गाडीनें. आतां ती बंद आहे.

अकोल्यास धाकटे बंधु. दर्यापूर तालुक्यांतील वडिलांचें घर विकावें असें त्यांचें मत. तो सारा खारपाण पट्टा. विहिरीचें पाणी मचूळ, घरांत कोणी राहात नाहीं, भिंती खचत चालल्या आहेत. १९५६ च्या कायद्यानें वडिलांच्या मिळकतींत मुलीस वांटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींतहि ती भावाच्या बरोबरीची झाली. म्हणून ताईंची सही हवी. दोन वर्षें ती सही अडली होती व बंधूंची समजूत अशी कीं, ताईंस अधिक रक्कम पाहिजे. रक्कम नकोच होती. आईचा तांब्याचा बंब व शिसवी देव्हारा या दोन वस्तु आपणांस मिळाव्या, एवढेंच त्यांचें म्हणणें, आणि तें त्या भावजयीच्या देखत दूरध्वनीवर बोलत नव्हत्या. आम्हांजवळ बोलल्या, रात्रीं, दिवा मालवल्यावर. अकोल्यास तें सांगतांच बंधु कांहीं वेळ गप्प बसले. भावजय मात्र उठून म्हणाल्या, "बंब माळ्यावर आहे, घांसून ठेवतें. ताईंना सांगा, सही करा नाहीं तर नका करूं, बंब घेऊन जा." घराचा निकाल अद्याप लागावयाचा आहे, पण पत्रांतून आलेला कडवटपणा त्या एका वाक्यानें बराच ओसरला.

दुपारीं कृषि विद्यापीठांतून निवृत्त झालेल्या एका जुन्या स्नेह्यांकडे अर्धा तास बसलों. स्नेह्यांच्या घरीं आधीं कळवून जावें व जेवणाची वेळ टाळावी. भावंडांकडे उलट, जेवल्याखेरीज उठूं नये. मोटारींत पांच माणसें असतील तर मात्र तेथेंहि आदल्या दिवशीं कळविणें बरें, कारण ७८ वर्षांची बहीण पांच जणांचा स्वयंपाक करूं नये म्हणून सांगितलें तरी करतेच.

बंब परतीच्या वाटेवर अमरावतीस पोंचवावयाचा आहे. देव्हारा मोटारींत मावत नाहीं. त्यासाठीं बंधु स्वतः टेंपो घेऊन जाणार आहेत.