माशालाही रात्र हवी असते

फिश टँकची हौस आता घराघरांत आणि हॉस्टेलच्या कॉमन रूममध्येही दिसते. टँक झकास, मासे झकास, पण वरचा दिवा मात्र विकतचा, लाल-निळा-जांभळा, आणि तोही रात्रभर चालू! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "रेडीमेड भेटते ना भाऊ, करत कोण बसते?" माझं स्पष्ट मत आहे की हा एलईडी दिवा इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी स्वतः बनवावा, आणि बनवताना बघणाऱ्याच्या आधी माशाचा विचार करावा.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतले मालगुजारी तलाव आठवा. तिथल्या माशाला दिवसा कमळाच्या पानांआडून, गढूळ पाण्यातून गाळलेला उजेड मिळतो आणि रात्री पुरता अंधार. माशाला पापण्या नसतात. आपण तोंडावर चादर ओढून झोपतो, त्याने काय करावे? दिवसाला सात-आठ तास उजेड पुरे. हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारख्या तलावातल्या वनस्पती तेवढ्यात छान वाढतात. त्याहून जास्त उजेड दिला तर शेवाळाचंच फावतं आणि काच हिरवी होते. म्हणून दिव्याला टायमर हवाच.

बनवायला अवघड काही नाही. दोन फुटी टँकसाठी पांढऱ्या एलईडीच्या १२ व्होल्टच्या तीन पट्ट्या घ्या, प्रत्येकी ६० सेंटिमीटरच्या. पट्टीवर तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये असतात. एकावर साधारण ३.२ व्होल्ट पडतात, म्हणजे तिघांवर ९.६. उरलेले २.४ व्होल्ट रेझिस्टर झेलतो. करंट २० मिलिअँपिअर ठेवायचा तर रेझिस्टर १२० ओहमचा. फर्स्ट इयरला पाठ केलेला ओहमचा नियम तो हाच! मीटरला ६० एलईडीची पट्टी असेल तर तिन्ही मिळून पाऊण अँपिअरच्या आत, म्हणजे नऊएक वॅट. ॲडॉप्टर मात्र २ अँपिअरचा घ्या, तो थंड राहतो. पट्ट्या ॲल्युमिनिअमच्या चॅनेलवर चिकटवा, कारण एलईडीचा वैरी म्हणजे उष्णता. ॲडॉप्टर पाण्यापासून लांब ठेवा आणि वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली गळेल.

आता देखणेपणा. त्यासाठी प्लॅस्टिकचा डबा कशाला? जाड बांबू उभा चिरून त्याच्या अर्ध्या पन्हाळीत चॅनेल बसवा, वायरी आतून घ्या. बांबू आपल्याला परका नाही. लेखा-मेंढाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने मिळाले, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. चिचपल्लीला तर बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रच आहे. फक्त दोन पथ्ये पाळा. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून वाळवलेला असावा, नाहीतर भुंगा लागतो. आणि वरून वॉर्निशचे दोन हात द्या, पाणी व दिवा यांच्यामध्ये काचेचे झाकण ठेवा, नाहीतर वाफेने बुरशी धरते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा दिव्याने काय होणार? हिशेब करा. जुनी दोन फुटी ट्यूब १८ वॅटची, चोकचे वेगळे. रोज आठ तास धरले तर एलईडीने वर्षाला ३५ युनिटच्या आसपास वाचतात. औष्णिक केंद्रात तेवढ्या विजेला वीसेक किलो कोळसा लागतो. ऊर्जानगरच्या चिमण्यांखाली राहणाऱ्या आपल्याला वीस किलो कोळसा आणि त्याची राख म्हणजे काय, हे कोणी सांगायला नको.

खरा मुद्दा पुढचाच आहे. फायनल इयरचे प्रोजेक्टसुद्धा विकत आणण्याची पद्धत पडली आहे. बाइंडिंग सोनेरी, पण आतल्या सर्किटची वायर सुटली तर जोडता येत नाही! अशा डिग्रीवर उद्या कोणी पूल किंवा सबस्टेशन कसे सोपवावे? सुरुवात लहान गोष्टीपासून करा. एक दिवा स्वतः सोल्डर करा, चुकला तर पुन्हा करा. आणि रात्री दहाला तो आठवणीने बंद होऊ द्या. माशालाही झोपू द्या, आणि जमलं तर रूममेटलाही!