सोमवारी सकाळी फ्रँकफर्टमध्ये

हापिसात जेवणाच्या टेबलावर ब्रेक्झिटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बरं झालं, आता कळेल त्यांना व्हिसाची लाइन काय असते ते!" सगळे हसतात. मीही हसतो. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं आणि फोटोचा आकार मिलिमीटरमध्ये मोजण्यात ज्याची उमेद गेलीय त्याला हसायचा हक्क आहेच. पण मंडळी, मला हल्ली वाटायला लागलंय की हा विनोद आपल्याला महाग पडणार आहे. कसा ते सांगतो, जरा पाल्हाळ लागेल.

इंग्लंडात कॉन्ट्रॅक्टर ही एक जमातच आहे. एका माणसाची लिमिटेड कंपनी, मध्ये एक एजन्सी, दिवसाचा रेट आणि तीन-सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट. संपलं की पुढचं. आपल्याकडे आईबाबांना हे सांगितलं तर ते आधी "म्हणजे सध्या नोकरी नाही?" असंच विचारतील :-) पण तिथे वीस-वीस वर्षं असं जगलेली माणसं आहेत. आणि त्यांचं अंगण फक्त लंडन नव्हतं. गुरुवारी फोनवर इंटरव्ह्यू, शुक्रवारी होकार, सोमवारी सकाळी फ्रँकफर्टमध्ये क्लायंटच्या टेबलावर हजर. ना परमिट, ना स्पॉन्सर.

हे आयटीवाल्यांनी शोधलेलं नाही. १९८३ साली ब्रिटिश टीव्हीवर 'आउफ वीडरझेन, पेट' नावाची मालिका आली होती. न्यूकॅसलचे गवंडी गावात काम नाही म्हणून ड्युसेलडॉर्फला जातात, त्याची गोष्ट. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात शिरलं होतं म्हणून ते शक्य होतं. विटा जाऊन डेटाबेस आले, तत्त्व तेच.

मग २३ जून २०१६ चं सार्वमत आलं. ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१. गंमत अशी की कायद्याने त्यानंतर साडेचार वर्षं काहीच बदललं नाही! उलट पौंड आपटल्यामुळे युरोमधला रेट घरी नेताना जास्तच गोड लागायला लागला. पण बाहेर पडायची तारीख आधी २९ मार्च २०१९, मग १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, आणि शेवटी ३१ जानेवारी २०२०. सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट त्या तारखेच्या पलीकडे जात असेल तर क्लायंटने सही का करावी? शेजारी पोलंडचा माणूस तयार असताना? कायदा बदलायच्या आधीच काम आटतं ते असं.

२०२३ मध्ये मी नऊ महिने नेदरलँड्समध्ये ऑनसाइट होतो. आमच्या प्रोजेक्टवर डेटाबेस सांभाळणारा एक इंग्रज होता, पन्नाशीचा. तो सांगायचा की त्या काळात एजंट स्किल्सच्याही आधी एक प्रश्न विचारायचे, "तुझी आजी आयरिश आहे का?" (आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर आयरिश नागरिकत्व मागता येतं, आणि मग अख्खा युरोप पुन्हा खुला.) त्याची आजी यॉर्कशरची निघाली. नशीब एकेकाचं.

खरा पेच मात्र तारखांचा आहे. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटिश माणूस युरोपच्या लेखी आपल्यासारखाच परका झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, घरच्या बाजूचं दार आकसलं. तिकडे आयआर३५ नावाचा एक कर-नियम २००० सालापासून आहे. तू नावाला कंपनी, पण वागतोस नोकरासारखा, तर करही नोकरासारखा भर, असा त्याचा मथितार्थ. आधी हे कॉन्ट्रॅक्टर स्वतःच ठरवायचा. २०१७ पासून सरकारी खात्यांत आणि २०२१ पासून मध्यम-मोठ्या खाजगी कंपन्यांत ते क्लायंटने ठरवायचं आणि चुकलं तर त्याची झळ सोसायची, असं झालं. मग कोण झंझट करतो? कित्येक मोठ्या बँकांनी एका माणसाच्या कंपन्या घेणं सरसकट बंद केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे बदल रद्द करतो म्हणून जाहीर केलं, आणि महिना उलटायच्या आत त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ते रद्द करणंच रद्द केलं. अशा वातावरणात माणसाने पुढच्या वर्षाचा हिशोब मांडायचा तरी कसा?

थोडक्यात काय, घरी काम आटलं म्हणून युरोपकडे बघावं, तर ते दार तीन महिन्यांपूर्वीच बंद झालेलं.

अगदीच बंद नाही म्हणा. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या व्यापार करारात 'स्वतंत्र व्यावसायिक' असं एक कलम आहे. पदवी किंवा त्या तोडीची पात्रता, सहा वर्षांचा अनुभव, आणि जास्तीत जास्त बारा महिने. वाचायला झकास. पण त्यावर प्रत्येक देशाच्या वेगळ्या अटी, वेगळे फॉर्म, वेगळी ऑफिसं. शेंगेनचे १८० दिवसांतले ९० दिवस आहेत, पण ते फिरायला आणि मीटिंगला, बसून कोड लिहायला नव्हेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तर सीमेवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरच दिवस मोजायला लागलाय. मोकळं राहिलं ते एक आयर्लंड, कारण त्या दोन देशांची आपसातली व्यवस्था युरोपीय संघापेक्षा जुनी आहे.

आमचा डेटाबेसवाला त्यातल्या त्यात सुखी. तो २०२० च्या आधीपासून उट्रेख्टमध्ये राहत होता, म्हणून त्याला तिथे राहायचा आणि काम करायचा हक्क कायम मिळाला. पण फक्त नेदरलँड्सपुरता! अँटवर्पचं एक चांगलं काम चालून आलं होतं, गाडीने जेमतेम दीड-दोन तास, पूर्वी तो तिथे महिनोन् महिने राबलेला. आता बेल्जियमचा वेगळा परवाना हवा. क्लायंटला थांबायला वेळ नव्हता.

आता आमच्या टेबलावरचा दुसरा लाडका मुद्दा: "त्यांचं गेलं ते आपल्याला मिळेल." वरवर खरं वाटतं. कोविडनंतर इंग्रज कॉन्ट्रॅक्टर लीड्समध्ये बसून बर्लिनचं काम करायला लागला, तर क्लायंट साहजिकच विचारतो, स्क्रीनवरच बघायचं असेल तर हिंजवडीवाला काय वाईट? सोमवारी सकाळी हजर राहणं हेच त्याचं भांडवल होतं. ते गेल्यावर तो आपल्याच रांगेत, वर आपल्यापेक्षा महाग.

पण मी त्या नऊ महिन्यांत काय पाहिलं ते सांगतो. माझं परमिट कंपनीच्या नावाशी बांधलेलं. मॅनेजर म्हणाला या शनिवारी रिलीज, तर शनिवारी रिलीज. नाही म्हणायची सोय आहे, पण त्याच्यापुढे परतीचं तिकीटही आहे. समोरच्या टेबलावरचा हा इंग्रज मात्र साडेपाचला लॅपटॉप मिटायचा आणि शांतपणे सांगायचा की काँट्रॅक्टमध्ये शनिवार नाहीये. हवा असेल तर वेगळा रेट. आणि मग तो शनिवार पुष्कळदा सोमवारवर जायचा, आमच्यासकट सगळ्यांचा. त्या एका टीमात जो उठून जाऊ शकत होता त्याच्या जिवावर आमचे वीकेंड वाचत होते. असा माणूस कमी झाला की त्याची खुर्ची मला मिळेल कदाचित, पण त्याचं "नाही" मला मिळणार नाही. म्हणून मला त्या विनोदाचं हल्ली फारसं हसू येत नाही.

आणि हेही नको विसरायला की त्या "नाही"चं बळ त्याच्या स्किलमध्ये नव्हतं. स्किल तर आमच्यातल्या दोघा-तिघांकडे त्याच्याइतकंच होतं (एकाकडे जास्त, नाव सांगत नाही, डोक्यात जाईल). बळ होतं ते सरकारांनी केलेल्या एका करारात. फ्रीलान्सर मंडळी आपल्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना हे सोयीस्करपणे विसरतात, आणि इंग्रजांपैकी पुष्कळांना ते मतदानानंतरच आठवलं.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाची लंडनला शिखर परिषद झाली, तेव्हा तरुणांना एकमेकांकडे काही काळ राहता-शिकता-कामाला येईल अशा योजनेवर बोलायचं ठरलं. चांगलंच आहे, पण पन्नाशीतल्या डेटाबेसवाल्याला त्याचा काय उपयोग? वर १ जानेवारी २०२५ पासून डच कर-खात्यानेही नावापुरत्या फ्रीलान्सरांवर पुन्हा कारवाई सुरू केली. म्हणजे आयआर३५चा डच भाऊच. आमच्या माणसाचा क्लायंट म्हणाला, राहायचं तर नोकरीवर राहा. तो राहिला. परवा मेसेज आला होता, वीस वर्षांत पहिल्यांदाच रजेचा अर्ज भरतोय, आणि 'कारण' या रकान्यात काय लिहायचं असतं म्हणून मला विचारत होता.