हप्ता सातबाऱ्याला

पीएम किसानचा हप्ता पडला की दोन-तीन दिवस गावात एकच विषय असतो. आला का? माझा केवायसीत अडकलाय, त्याचा आधार लिंक नाही, वगैरे. गेल्या हप्त्याला आमची चार एकर जो बटईनं करतो त्यालाही मी सहज विचारलं, "तुझा आला का?" तो हसला. म्हणाला, "भाऊ, तुमच्या आईच्या खात्यावर आला असंल की. आपल्याला कुठला?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. या योजनेच्या बातम्या मी २०१९ पासून देतोय. तरी विचारलं, याचीच लाज वाटली.

केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये. २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी'चे आणखी ६,०००. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती काही महिन्यांतच काढली, म्हणजे वीस एकरवाल्यालाही तेवढेच. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर (शिपाई वर्ग सोडून), महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असलेले, डॉक्टर, वकील अपात्र. त्यातल्या कित्येकांनी आधी घेतले आणि मग तहसीलच्या वसुलीच्या नोटिसा आल्या, ते आठवत असेल. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर पाहिजे. नंतर विकत घेतली तर नाही, वारसानं आली तर चालते. सगळं विचारलंय. फक्त रान कसतो कोण, हे विचारलेलं नाही.

मालकाला मिळू नये असं माझं म्हणणं नाही. पुण्याला गेला म्हणजे श्रीमंत झाला असं नसतं, आपली निम्मी पोरं चाकणला कंत्राटी कामावरच आहेत. पण बियाणं, खत, फवारणीत निम्मा खर्च आणि सगळी मेहनत घालणारा माणूस सरकारच्या लेखी शेतकरीच नाही. आणि हे हप्त्यावर थांबत नाही. अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावर. पीककर्ज सातबाऱ्यावर. आता फार्मर आयडीसुद्धा सातबाऱ्यालाच जोडलेला. पीक विम्यात बटईदाराला जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो कोण करून देणार?

मीही दिलेला नाही, खरं सांगतो. वडिलांनी कधी कागद केला नाही, कारण आजोबांच्या डोक्यात १९५० चा कूळ कायदा बसलेला होता. लिहून दिलं की जमीन गेली. पाडव्याला तोंडी ठरतं, पुढच्या पाडव्याला मोडतं. एकाच माणसाकडं जास्त वर्षं ठेवू नका, असं सांगणारे अजून भेटतात.

या भीतीवर उपाय नाही असं नाही. आंध्र प्रदेशनं २०१९ मध्ये कायदा केला. अकरा महिन्यांचा करार, मालकी हक्काला धक्का नाही, त्या करारावर बटईदाराला कर्ज, विमा, नुकसानभरपाई. तिथंही मालकाची सही लागते आणि मालक सही करायला कचरतात, हे खरं. पण निदान दार तरी आहे. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत तर बटईदार आणि भूमिहीनही धरले होते. नीती आयोगानं २०१६ मध्येच राज्यांसाठी नमुना कायदा तयार करून दिला होता. आपल्याकडं निवडणुकीत हप्ता वाढवायची भाषा सगळ्या पक्षांची. बटईदाराचं नाव मी तरी एकाही सभेत ऐकलेलं नाही. बटईदारांची काय वेगळी मतपेढी नाही ना!

तोवर एक करता येईल. पीएम किसानच्या पोर्टलवर गावनिहाय यादी उघडी आहे. येत्या ग्रामसभेत ती वाचायला लावा आणि प्रत्येक नावापुढं एक रकाना करा, प्रत्यक्ष कसणारा कोण. त्यानं कुणाच्या खात्यावर एक रुपया येणार नाही, कबूल. पण गावात अशी किती माणसं आहेत, हे तरी कागदावर येईल. आमच्या चार एकरासमोरचं नाव मी स्वतः सांगणार आहे. आईशी बोलणं झालंय. ती म्हणाली, "सांग, पण कागद करू नको."