बाळाचा बॅकअप

पुण्यात आयटीवाल्या जोडप्याकडे 'गुड न्यूज' असली, की ती आजी-आजोबांच्याही आधी एका जमातीला कळते: नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खाजगी बँकांचे एजंट. आमच्याकडेही एक येऊन गेला. "सर, बाळाच्या स्टेम सेल्स आत्ताच फ्रीझ करा. पुढे काहीही झालं तरी इन्शुरन्स!" वर इएमआयची सोय.

मला राग आला तो पैशांचा नाही. अर्धवट बायॉलॉजी सांगून भीती विकण्याचा.

शाळेतलं सूत्री विभाजन आठवतंय? पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आकृती काढली, मार्क मिळवले, विसरलो. त्याचं सार एवढंच: पेशी आधी आपल्या 46 गुणसूत्रांची हुबेहूब नक्कल करते, मग दोन नव्या पेशींना एकेक पूर्ण संच वाटून देते. एका फलित पेशीचं बाळ होतं ते असंच, आणि खरचटलेला गुडघा भरून येतो तोही असाच. तांबड्या पेशी जेमतेम 120 दिवस जगतात. म्हणून मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तयार होतात. हा कारखाना चालवणाऱ्या रक्ताच्या मूलपेशी नाळेत असतात तशाच आपल्या हाडांतही असतात. बाळाच्याही.

आता 'हुबेहूब' या शब्दावर जरा थांबा. नकलेत दोषही जसाच्या तसा उतरतो. बाळाला थॅलेसेमिया असेल, तर तो त्याच्या नाळेतल्या पेशींतही असणार. ब्लड कॅन्सरच्या बाबतीतही डॉक्टर सहसा मुलाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशी वापरत नाहीत, कारण बिघाडाची सुरुवात तिथेच झालेली असू शकते. बग असलेल्या कोडचाच बॅकअप रिस्टोअर केला तर बग जातो का राव? हे आपल्याला कुणी सांगायला हवं?

ब्रोशरमधली आजारांची ती लांबलचक यादी? त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्याच्या निरोगी पेशी लागतात. नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण 1988 साली पॅरिसमध्ये झालं. पेशंट होता फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेला मुलगा, आणि रक्त त्याच्या बहिणीच्या नाळेतलं होतं.

गोठवण्याचं तंत्र खोटं नाही. आपल्याच विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये पेशी जपून ठेवतात आणि देशभरच्या संशोधकांना पुरवतात. प्रश्न आहे तो कुणासाठी आणि कशासाठी ठेवायच्या, हा. पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय. अपवाद आहे: घरात आधीच्या मुलाला अशा पेशींनी बरा होणारा आजार असेल, तर जरूर साठवा.

बाकीच्यांनी नाळेतलं ते रक्त बाळालाच मिळू द्यावं. नाळ किमान एक मिनिट थांबून मगच बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातून बाळाला जास्तीचं रक्त आणि लोह मिळतं. फुकट. ब्रोशरमध्ये याबद्दल चकार शब्द नव्हता.

आणि इन्शुरन्सच हवा असेल, तर मूलपेशी दात्यांच्या नोंदणीत नाव घाला. गालाच्या आतून एक स्वॅब, बस. कुणाशी जुळलं, तर बहुतेक वेळा हातातूनच रक्त घेऊन पेशी वेगळ्या करतात, आणि दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. ज्या विभाजनाच्या नावाने आपल्याला घाबरवलं जातं, त्याच विभाजनामुळे दिलेलं कमी होत नाही. यादीत जितकी जास्त माणसं, तितकी कुणाच्याही पोराला दाता मिळण्याची शक्यता जास्त. तुमच्याही.

पण यावर कमिशन मिळत नाही. म्हणून हे सांगायला तुमच्या घरी कुणी टाय लावून येणार नाही.